एका खिडकीला एकच तोंड

लोमा सेका गावात अमारान्तो फेलिसने एखाद्या झाडाला कडू म्हटलं, की पाखरंसुद्धा त्यावर बसण्याआधी विचार करतात, असं लोक म्हणायचे. लोक काहीही म्हणतात. पण काचेओच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता, हे मात्र खरं.

काचेओ म्हणजे आमच्या कोरड्या डोंगरातला रानटी ताड. खाली बारीक, मध्ये पोट सुटलेला, वर पुन्हा बारीक आणि डोक्यावर चार झावळ्या. जेवून उठलेल्या गावप्रमुखासारखा दिसतो. त्या पोटात गोड गर असतो. झाड आडवं करायचं, पोट फोडायचं, गर कुटून रस काढायचा आणि तो आंबवला की माबी तयार. माबीशिवाय लग्न म्हणजे लोमा सेकात नुसती कागदावरची सही. एका लग्नाला एक झाड लागतं आणि झाडाला पोट सुटायला साठ-सत्तर वर्षं लागतात, याचा विचार कुणी कधी केला नाही. लग्न दारात आलेलं असायचं आणि झाड डोंगरावर उभं असायचं, मग विचार कशाला करायचा?

सगळेच काचेओ गोड नसतात. काही कडू निघतात आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून आधी चाखायचं. झाडाच्या पोटावर तळहाताएवढी खिडकी कापायची, चिमूटभर गर काढून चावायचा. गोड लागला तर त्याच दिवशी झाड पाडायचं. कडू लागला तर कापलेली साल परत जागेवर बसवायची, पाचर ठोकायची, वर आपली खूण कोरायची आणि गावात येऊन सांगायचं. मग त्या झाडाला कुणी हात लावत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की एका खिडकीला एकच तोंड. ज्याने कापली त्यानेच पुन्हा उघडावी. दुसऱ्याने येऊन ती चाखली, तर त्याचा अर्थ पहिला खोटारडा. आजोबांच्या काळात यावरून दोघांनी एकमेकांवर कोयते चालवले होते, तेव्हापासून हा नियम बायबलच्याही वर जाऊन बसला. बायबल गावात दोघं-तिघंच वाचायचे, नियम मात्र सगळ्यांना पाठ होता.

गोड झाडं लग्नांत गेली. कडू झाडं मोठ्या वादळात गेली. शेवटी अख्ख्या डोंगरावर एकच काचेओ उरला, कुत्रादात म्हणतात त्या धारदार दगडांच्या कड्यामागे. त्याच्या पोटावर अमारान्तोची खूण होती, एक आडवी रेघ आणि वर दोन टिंबं, अडतीस वर्षांपूर्वीची. तो कडू आहे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

तो कडू नव्हता.

अमारान्तोने चोविसाव्या वर्षी त्याची खिडकी कापली, तेव्हा तोंडात जे आलं ते त्याने जन्मात पुन्हा कधी चाखलं नाही. चावता चावताच त्याच्या मनात आलं, की हे झाड कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या लग्नात जाता कामा नये, हे माझ्या लग्नात पडेल. नवरी कोण तेही ठरलेलं होतं, विहिरीपलीकडची ओविदिया. फक्त ओविदियाला विचारायचं राहिलं होतं. बाजारात तुरी म्हणतात त्यातलाच प्रकार. त्याने साल बसवली, पाचर ठोकली, खूण कोरली आणि गावात येऊन तोंड वाकडं करून सांगितलं, की कडू.

मग तो चांगल्या दिवसाची वाट बघत बसला, आणि त्याचा जिवलग मित्र तुलिओ कुएवास याने एका रविवारी चर्चमधून बाहेर पडता पडता ओविदियाला सरळ विचारून टाकलं. ती हो म्हणाली. तुलिओच्या लग्नासाठी दोघे मित्र आठ दिवस डोंगर तुडवत होते. त्या वर्षी जे हाती लागलं ते सगळं कडू निघालं. कुत्रादातमागच्या झाडापाशी तुलिओ थांबला, खुणेवरून हात फिरवला आणि नक्की ना, असं विचारलं. अमारान्तो म्हणाला, नक्की. मग त्या लग्नात दुकानातली रम वाटली गेली, आणि ओविदियाचा बाप मरेपर्यंत जावयाची ओळख 'आमचा बाटलीवाला' अशी करून देत राहिला.

दीड वर्षाने तुलिओला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेतलं अमारान्तोने, आणि त्या दिवसापासून ते दोघे कोंपाद्रे झाले. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. त्यात खोटं बोलायचं नसतं, भांडायचं नसतं, अरे-तुरे करायचं नसतं. लहानपणी एकमेकांच्या चड्ड्या लपवणारे दोघे एकमेकांना अहो-जाहो करायला लागले.

अमारान्तोने लग्न केलं नाही. झाड मात्र सोडलं नाही. दर शुक्रवारी तो कुत्रादात चढायचा, झाडाखाली बसून उकडलेली केळी खायचा, पाठ बुंध्याला टेकवून थोडा वेळ डोळे मिटायचा आणि खाली उतरायचा. झाड पाडायला प्रसंग आले नाहीत असं नाही. बहिणीचं लग्न झालं, भाच्याचं झालं. पण दर वेळी त्याला वाटायचं, एवढ्याशासाठी हे झाड? त्या झाडाच्या तोलाचा प्रसंग त्याच्या आयुष्यात काही आलाच नाही. चांगली वस्तू वापरायची नाही, नुसती ठेवून द्यायची, या चिकटपणाला पुढे कुणी निसर्गप्रेम म्हणेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तरी खोटं कशाला सांगा, त्या झाडावर त्याचा जीव होता. गावात त्याचं म्हणावं असं तेवढंच होतं.

वादळानंतरच्या तिसऱ्या वर्षी राजधानीहून मिर्ता ओब्हिओबाई आल्या. झाडांवर संशोधन करणाऱ्या. सोबत मिस्टर हॉलिस नावाचा परदेशी माणूस. हा निवृत्त दातांचा डॉक्टर जगभर रानातले ताड बघत हिंडायचा. बागेत लावलेलं झाड त्याला चालत नसे. आपलं आपण उगवलेलं झाड पाहिलं, तरच ते पाहिलं म्हणायचं. त्याच्या वहीत अकराशेच्या वर नावं होती, त्यांतल्या पाचशे नव्याण्णवांपुढे खूण झालेली होती आणि सहाशेव्या खुणेसाठी तो दोन विमानं, एक जीप आणि एक खेचर बदलून आला होता.

बाईंचा मामला वेगळा होता. त्या आधी एकदा येऊन खिडक्यांची सगळी हकिगत ऐकून गेल्या होत्या आणि त्यावर त्यांनी एक मोठा निबंध लिहिला होता. माणसाने गोड झाडं संपवली, म्हणजे उरलेलं झाड कडू, म्हणजे त्याच्या बियांतून येणारी झाडं कडू, म्हणजे ती कुणी तोडणार नाही, म्हणजे काचेओ वाचला. चार 'म्हणजे' एकावर एक रचून बाईंनी एक जात वाचवली होती. आता फक्त साक्षीदारांसमोर झाड पुन्हा चाखायचं बाकी होतं. नियमाप्रमाणे खिडकी उघडणार अमारान्तो. साक्षीदार म्हणून गावप्रमुख हजर राहणार, आणि गावप्रमुख होता तुलिओ.

काचेओ तोडायला सरकारची बंदी होती. बंदी पाळली जाते की नाही हे बघायचं काम गावप्रमुखाचं. कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून कुंपणावर लक्ष ठेवायला सरकारने कुणी नेमलं नव्हतं. त्यात तुलिओच्या नातीचं, युदेल्काचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं. अकरा वर्षांत गावाने माबीचा थेंब पाहिला नव्हता, आणि तुलिओ येता-जाता सांगत होता, की पुन्हा माझ्या अंगणात बाटलीचं बूच उघडलेलं मी बघणार नाही. त्याला गोड काचेओचा नुसता वास जरी लागला, तरी बंदी कुठे जाणार होती हे अमारान्तोला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून बाईंची चिठ्ठी आल्यापासून त्याची झोप उडाली होती. गर तोंडात टाकायचा आणि तोंडात साखर विरघळत असताना चेहरा विष खाल्ल्यासारखा ठेवायचा, तेही चाळीस-पन्नास वर्षं ओळखणाऱ्या माणसासमोर. दाढीचा आरसा खिडकीत टांगून तो आठवडाभर सराव करत होता. आधी कपाळाला आठी, मग डावा डोळा बारीक, मग थुंकायचं. शेजारच्या म्हातारीने कुंपणावरून पाहिलं आणि याला दाढदुखी झालीय असं गावभर सांगून ठेवलं.

ठरल्या दिवशी सकाळी चौघे कुत्रादात चढले. दगडांनी मिस्टरचा एक बूट फाडला. मिर्ताबाई वाटभर बोलत होत्या, तुलिओ 'हो बाई, हो बाई' करत होता आणि अमारान्तो मनातल्या मनात आठी, डोळा, थुंकणं घोकत होता. कड्याच्या मागे वळल्यावर झाड दिसलं. मिस्टर थांबला, दुर्बीण लावली, ती काढली, फोटो घेतला, वहीत खूण केली, आणि झाडाकडे पाठ करून बसून बुटाला दोरी बांधू लागला. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. मग त्याने बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी सांगितलं, की साहेब विचारतायत, पुढचा ताड किती लांब आहे.

अमारान्तोने पाचर काढली. अडतीस वर्षांत सालीच्या कडा आत वळल्या होत्या, त्या कोयत्याने सोडवाव्या लागल्या. खिडकी उघडली. चिमूटभर गर त्याने बोटांत धरला, कपाळाला आठी घातली, डावा डोळा बारीक केला आणि गर जिभेवर ठेवला.

गर कडू होता.

साधा कडू नव्हे. पित्त उलटून आल्यासारखा, घशापर्यंत चढणारा. झाडाचं वय झालं होतं, की तीन वर्षांच्या अवर्षणाने हे झालं, देव जाणे. काचेओ म्हातारा झाल्यावर आतून कसा होतो, हे लोमा सेकात कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेवढं जगू दिलेला काचेओच नव्हता. अमारान्तोच्या छातीवरचा धोंडा उतरला. झाड वाचलं! खोटं बोलायची गरजच उरली नाही, अडतीस वर्षांचं खोटं आपलं आपणच खरं होऊन बसलं. घोटलेली आठी कपाळावरून कधी पुसली गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळ्यांत कडवटपणाने पाणी आलेलं आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलेलं, अशा अवतारात तो म्हणाला, "कडू. जहर आहे नुसतं."

आणि हसला.

बाईंनी ते लिहून घेतलं. मिस्टरने फोटो काढला. त्याच्या संग्रहात तो अजूनही असेल, एका ताडाला कवटाळून हसणारा म्हातारा. तुलिओने मात्र टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. अमारान्तो हसतो कधी, हे त्याला ठाऊक होतं. पत्त्यांत हुकमाचं पान हाती आलं की, आणि दुसऱ्याच्या बकरीला आपल्या कुंपणात पिल्लं झाली की. कडू चाखून हसलेला माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. अमारान्तोने पाचर ठोकताना बुंध्यावर हलकेच थाप मारली, तीही त्याने पाहिली. कोंपाद्रेच्या शब्दावर शंका घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

बाईंनी झाडाला पत्र्याचा बिल्ला बांधला, 'संरक्षित' असं लिहिलेला, आणि अमारान्तोला झाडाचा राखणदार म्हणून जाहीर केलं. यंदा झाडाला फळ नव्हतं. पुढच्या वर्षी बिया न्यायला येईन, तोवर सांभाळा, असं त्या म्हणाल्या. मग खाली तुलिओच्या अंगणात सगळ्यांनी रानओव्याचं बकरीचं मटण आणि भात खाल्ला, आणि पाहुणे सहाशे एकाव्या खुणेच्या शोधात निघून गेले.

दुपारी लोमा सेकात कोंबडीसुद्धा फिरत नाही. दोन तास सगळं गाव झोपाळ्यांत आडवं असतं. अमारान्तो त्या दिवशी जेवून असा झोपला, की अडतीस वर्षांची झोप एकदम वसूल करून घ्यावी. जाग आली ती तहानेने. तोंडातला कडवटपणा जात नव्हता. पाण्याचं मडकं रिकामं, म्हणून तो तुलिओच्या घरी गेला. ओविदिया ओसरीत लग्नासाठी शेंगा सोलत बसली होती. झोपाळा रिकामा होता. भिंतीवरची कुऱ्हाडही नव्हती.

"सरपण आणायला गेलेत," ओविदिया म्हणाली. "या उन्हात. खेचर घेऊन. तुम्हाला काही बोलले का, कोंपाद्रे?"

अमारान्तोने पाणी न पिताच कुत्रादात गाठला. बासष्टाव्या वर्षी माणसाने ज्या वेगाने चढू नये त्या वेगाने तो चढला. वळणावरच कुऱ्हाडीचा आवाज आला. तुलिओने सदरा काढून पत्र्याच्या बिल्ल्यावर टांगला होता आणि खिडकीच्या चार बोटं खाली पहिली खाच पाडली होती.

"कोंपाद्रे, थांबा," अमारान्तो धापा टाकत म्हणाला. "कडू आहे हो ते."

"तुम्ही म्हणालात ना कडू," तुलिओ म्हणाला. "मग कडूच. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग तोडताय कशाला?"

"नातीचं लग्न आहे."

"अहो, पण कडू आहे!"

"ऐकलं मी ते. तुम्ही जरा बाजूला सरा, ढलपी डोळ्यात जाईल."

अमारान्तो झाड आणि कुऱ्हाड यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. पाचर त्याने स्वतःच उपटली, साल काढून फेकली आणि उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं. "चाखा. मी सांगतो, चाखा. एवढीशी चिमूट घ्या, आणि गोड लागलं तर मीच पाडून देतो."

तुलिओला एखाद्याने मुस्काटात मारावी तसं झालं. "मी? तुमच्या खिडकीला तोंड लावू? म्हणजे उद्या गावाने म्हणायचं, की तुलिओने कोंपाद्रेला खोटं पाडलं? नाही हो. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही. चाखणार नाही म्हणजे नाही. मी फक्त तोडणार."

चाखणं म्हणजे अपमान आणि तोडणं म्हणजे घरची गोष्ट! हा नियम त्यानेही जन्मभर पाळला होता, नव्हे, त्या नियमाच्या आडोशानेच हे झाड उभं राहिलं होतं. आता एकच वाट उरली होती, खरं बोलायची. त्या वाटेने तो पूर्वी कधी गेलाच नव्हता, त्यामुळे ती कुठे निघते हे त्याला माहीत नव्हतं.

"ऐका," तो म्हणाला. "मी हसलो ते का, तर हे झाड गोड असेल अशी मला भीती होती. कारण तेव्हा ते गोड होतं. अडतीस वर्षांपूर्वी. मी खोटं सांगितलं होतं. आज खरं सांगतोय. आज ते खरोखर कडू झालंय."

तुलिओने कुऱ्हाड जमिनीला टेकवली. "तेव्हा गोड होतं," तो म्हणाला. "मी इथेच उभा होतो. या खुणेवर हात ठेवून विचारलं होतं तुम्हाला. माझ्या लग्नाला. सासरा मरेपर्यंत मला बाटलीवाला म्हणाला."

"चुकलं माझं."

"का पण?"

"लग्नासाठी ठेवलं होतं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"कुणाशी?"

अमारान्तो वाकून मघाशी फेकलेली साल शोधू लागला. तुलिओ गावप्रमुख होता, मूर्ख नव्हता. खाली गावात ओविदियाच्या घराचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं, आणि दोघांनीही एकाच वेळी तिकडे बघायचं टाळलं.

"बाजूला हो," तुलिओ म्हणाला. छत्तीस वर्षांनी तो पहिल्यांदा अरे-तुरेवर आला होता. "तेव्हा गोड होतं आणि आता कडू झालं, होय? एवढी वर्षं तुझं ऐकलं. आता या झाडाचं ऐकतो."

पुढचे घाव वेगळे पडू लागले. मघाशी तो झाड तोडत होता, आता तो नुसतं झाड तोडतोय असं काही वाटेना. अमारान्तो मध्ये पडला नाही. पडायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण अपराधी माणसाचे पाय जड असतात. तो एका दगडावर बसला आणि त्याने कानांवर हात ठेवले. काचेओ पडला तेव्हा आवाज फारसा झाला नाही. पडता पडता पोट फुटलं आणि आतला गर दगडांवर सांडला.

पडलेल्या झाडाला खिडकी नसते. तुलिओने वाकून ओंजळभर गर उचलला आणि तोंडात टाकला. त्याचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. मानेवरची शीर ताठ झाली, डोळ्यांना पाणी आलं. थुंकायला तो जराही वळला नाही. त्याने घोट गिळला आणि अमारान्तोच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "गोड आहे."

अमारान्तोनेही दगडावरचं गराचं एक ढेकूळ उचलून जिभेवर ठेवला होता. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दुसऱ्याला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. मग दोघांनी मिळून गर पोत्यांत भरला आणि खेचरावर लादला. तुलिओच्या एकट्याच्या हाताने तो भार उचलला गेला नसता. पत्र्याचा बिल्ला तुलिओने खिशात घातला. राजधानीला कळवलं, की संरक्षित झाड सोसाट्याच्या वाऱ्याने पडलं, गावावर शोककळा पसरली आहे. बाईंचं उत्तर आलं. झाडाचा शेवट नैसर्गिक झाला याचं त्यांना समाधान वाटत होतं.

माबी घालायचं काम ओविदियाचं. तिने पहिल्याच दिवशी रस चाखून तुलिओला सांगितलं, की हा कडू आहे, फेकून द्या. तुलिओ म्हणाला, तुझी जीभ उतरली. तिने त्यात आलं घातलं, दालचिनी घातली, काळ्या साखरेचं एक पोतं रिकामं केलं, मग दुसरं. कडवटपणा तळाशी बसून सगळं बघत होता. त्या घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. नवऱ्याला काय झालंय ते तिला कळेना, आणि अमारान्तो तर दारावरून जायचाही बंद झाला होता.

रविवारी लग्न लागलं. युदेल्का छान दिसत होती. अंगणात सगळं गाव जमलं होतं आणि गावाने अकरा वर्षांची तहान बरोबर आणली होती. रिवाज असा, की माबीचा पहिला भोपळा, म्हणजे वाळक्या भोपळ्याचा पेला, झाड चाखणाऱ्याच्या हाती द्यायचा, त्याने घोट घ्यायचा आणि एका शब्दात सांगायचं, मग इतरांनी प्यायची. अमारान्तोला पुढे बोलावलं. अकॉर्डियन थांबलं. भोपळा त्याच्या हातात दिला ओविदियाने.

त्याने घोट घेतला. साखर ओठांवरच राहिली, आणि पाठोपाठ ते आलंच. त्याने वर पाहिलं. तुलिओ नव्या सदऱ्यात, पोट पुढे काढून, नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत विनंतीही होती आणि धमकीही. कडू म्हटलं, तर का कडू, केव्हापासून कडू, कुणासाठी राखलेलं, सगळं याच अंगणात बाहेर येणार होतं.

"गोड," अमारान्तो म्हणाला.

अंगणात टाळ्या पडल्या. भोपळे फिरू लागले. ज्याने त्याने घोट घेतला, क्षणभर थांबला, शेजाऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, गोड आहे हं. कुणी म्हणालं, पूर्वीसारखी. कुणी म्हणालं, पूर्वीपेक्षाही. तिसऱ्या फेरीपर्यंत काहींना ती खरोखरच गोड लागायला लागली. नवरदेवाने दोनदा घेतली आणि कुंपणामागे जाऊन ओकला. ते जास्त झाल्यामुळे असं ठरलं.

ओविदियाने आपला भोपळा सगळ्यांसमोर मातीत ओतला. "कडू आहे," ती म्हणाली. "विषासारखी कडू आहे. तुम्हाला कुणाला कळत नाहीये का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नात सासरी जातेय, मनाला लागणारच, असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, वय झालं की आधी जीभ जाते, माझ्या आईचंही असंच झालं होतं. दोघींनी तिला दंडाला धरून सावलीतल्या खुर्चीवर बसवलं आणि कुणीतरी तिला पंख्याने वारा घालू लागलं. ओविदिया त्यांच्या डोक्यांवरून अमारान्तोकडे बघत होती.

"कोंपाद्रे, तुम्ही तरी सांगा यांना," ती म्हणाली. "तुमची जीभ तर शाबूत आहे."

अमारान्तोने भोपळा तोंडाला लावला, तळापर्यंत रिकामा केला, आणि आणखी भरून घ्यायला पुढे धरला.